निरख्याची पांगाऱ्याची पाखरं

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं त्यांनी सरळ कबूल केलं, म्हणून तर मी त्यांच्या बाकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवला.

एका राज्याच्या पश्चिम टोकाला, खाडीच्या तोंडावर मासेमारांचं एक गाव होतं. खाडी मोठी देखणी, पण तिचं तोंड द्वाड. तिथे वाळूचा एक लांबलचक दांडा होता आणि तो काही एका जागी स्वस्थ बसत नसे. दर पावसाळ्यात पुराचं पाणी त्याला उचलायचं आणि मनाला येईल तिथे नेऊन टाकायचं. कधी दक्षिणेच्या अंगाला, कधी उत्तरेच्या. वरून नुसतं पाणी दिसे, खाली दांडा दबा धरून बसलेला असे, आणि त्यावर आपटली की होडीचं सरपण होई. माणसांचं काय होई ते लहान मुलं ऐकत असताना सांगत नाही.

म्हणून आसपासच्या गावांच्या होड्या समुद्रात गेल्या तरी हे गाव थांबायचं. शरद ऋतू लागायचा, आभाळ स्वच्छ व्हायचं, मासे खाडीत उड्या मारून वेडावून दाखवायचे, तरी होड्या नारळाच्या झापांखाली पालथ्या पडून राहायच्या. गाव तीन खुणांची वाट पाहायचं.

पहिली खूण पतंगाची. पाऊस खरोखर संपला की तळहाताएवढा तपकिरी पतंग परसातल्या विहिरीच्या काठावर येऊन सकाळभर पंख पसरून बसायचा. दुसरी खूण चतुरांची. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटला की टेकडीवर जमलेले हजारो चतुर त्या वाऱ्याबरोबर समुद्रावर निघून जायचे. तिसरी खूण चिखल्यांची. चिखल्या म्हणजे मुठीत मावेल एवढं पाखरू, गळ्यात काळी कंठी, चालणं असं की चार पावलं धावेल आणि काहीतरी विसरल्यासारखं थांबेल. दूर उत्तरेकडून त्यांचा थवा यायचा, आणि ओहोटीला वाळूचा दांडा पाण्याबाहेर आलेला असला, तर बरोबर त्याच्यावर उतरायचा. चिखल्या जिथे उभे, तिथे दांडा. होड्यांनी त्यांच्या उलट्या अंगाने जायचं.

या तिन्ही खुणा स्वतः पाहून शंख फुंकायचा मान एका घराण्याकडे होता. तो मान ज्याच्याकडे असे त्याला निरख्या म्हणत. डोक्याला लाल पागोटं, चावडीवर पहिली जागा, पहिल्या जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा, आणि जाळी विणण्यातून कायमची माफी. आता मला सांगा, एवढं सगळं मिळाल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का?

आपल्या निरख्याचं पहिली काही वर्षं राहिलं होतं. तो केवड्याच्या बनाआड गुडघाभर चिखलात दिवसच्या दिवस बसायचा. डासांनी फोडून काढला तरी हलायचा नाही. मग त्याच्या निरखण्याची कीर्ती पसरली. गावोगावची माणसं त्याला बोलवायला लागली, की बुवा, कसं निरखावं ते आम्हाला सांगा. निरख्या सांगायला लागला. त्याला फार छान सांगता यायचं. लोक माना डोलवायचे, डोळे पुसायचे. सांगता सांगता त्याला असा नाद लागला की निरखायला वेळच उरेना. नऊ वर्षं तो चिखलात उतरला नव्हता. कोणीतरी बातमी आणायचं, हा ऐकायचा, आणि पागोटं सारखं करून शंख फुंकायचा. गावाचं नशीब बरं, बातमी आणणारे खरं सांगत.

त्या वर्षी राजाचा निरोप आला. 'कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः चिखल्या पाहायला येत आहोत. निरख्याने आम्हाला पाखरं दाखवावीत. आमचा जीव त्यांच्यात गुंतला आहे. पाखरं दाखवली तर निरख्याला जरीचं पागोटं देऊ आणि राजनिरख्या म्हणू.'

निरख्याच्या पोटात आनंद मावेना. त्याने त्याच क्षणी राजासमोर करायचं भाषण पाठ करायला घेतलं.

त्याची बायको चांगुणा पाणी काढायला परसात गेली होती. तिथून तिने हाक मारली, "अहो, पतंग आलाय. विहिरीच्या काठावर बसलाय. या लवकर."

"बसू दे. मी निरखण्याचं महत्त्व सांगतोय. त्यातलं तिसरं कडवं चाललंय."

भाषण संपेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. निरख्या परसात गेला तेव्हा काठावर ओला पोहरा तेवढा होता.

"हरकत नाही," तो म्हणाला. "तू पाहिलास म्हणजे मीच पाहिला. आपण काय वेगळे आहोत?"

"बरं," चांगुणा म्हणाली. "मग मी आत्ताच जेवले. म्हणजे तुम्हीही जेवलात. चला, ताट उचलते."

निरख्याने ताट धरून ठेवलं, पण धडा काही घेतला नाही.

चतुरांचं तर याहून सोपं झालं. कोजागिरी दोन दिवसांवर आली तरी ते गावातच घिरट्या घालत होते. एक तर निरख्याच्या खिडकीच्या गजावरच येऊन बसला होता. निरख्याने त्याच्याकडे पाहिलं, त्याने निरख्याकडे पाहिलं. "निघालेलेच आहेत म्हणायचे," असं म्हणून निरख्याने खिडकी लावून घेतली.

राहिले चिखल्या. आणि चिखल्यांचा पत्ता नव्हता. कोजागिरीच्या सकाळी किनाऱ्यावर राजाचा मांडव उभा राहिला, दक्षिणेच्या अंगाला, जिथे माडांची सावली होती तिथे. समोर सगळा चिखल रिकामा. निरख्या राजाला काय दाखवणार, शंख?

दुपारी तो मागच्या दाराने सुताराकडे गेला. सुताराने जन्मभर वल्ही आणि पोळपाट केले होते, आणि वर्षातून एकदा गणपतीपुढचा उंदीर.

"एकवीस चिखल्या हवेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे. उद्या सकाळच्या आत. आणि ही गोष्ट तुझ्या-माझ्यात."

सुताराने मान हलवली. पांगाऱ्याचा ओंडका ओढला, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "निरखेबुवा, पायांचा रंग कोणता देऊ?"

निरख्याला चिखल्यांवरची सगळी भाषणं आठवत होती. त्यांची ईश्वरनिष्ठा, त्यांची शिस्त, त्यांचा दूरचा प्रवास. पायांचा रंग मात्र काही केल्या आठवेना. एके काळी तो या पायांकडे पाहत महिना महिना बसला होता. त्याला पहिल्यांदा मनापासून लाज वाटली. ती गिळून तो म्हणाला, "पाय चिखलात रुतवायचेत. रंगाचं काय घेऊन बसलास?"

भल्या पहाटे ओहोटीला त्याने मांडवासमोरच्या चिखलात कामट्या रोवल्या आणि एकेका कामटीवर एकेक पाखरू बसवलं. सुताराचा हात उंदराला सरावलेला, त्यामुळे प्रत्येक चिखल्याला कानाचा थोडा भास होता. पण लांबून बरं दिसत होतं. कोणी जवळ येऊ नये म्हणून निरख्या स्वतः मांडव आणि पाखरं यांच्या मधोमध पहाऱ्याला उभा राहिला.

राजा आला. म्हातारा, प्रेमळ माणूस. मांडवात बसून त्याने डोळ्यांवर हात धरला आणि पाखरं पाहून त्याला गहिवरून आलं.

"किती स्थिर उभे आहेत बघा," तो म्हणाला.

"महाराजांसमोर हलायची कोणाची छाती आहे?" प्रधान म्हणाला. "आमच्या दरबाऱ्यांनी शिकावं यांच्याकडून."

निरख्याने भाषण केलं. सगळं, तिसऱ्या कडव्यासकट. मग राजाची आज्ञा घेऊन शंख फुंकला.

किनाऱ्यावर एकच धांदल उडाली. झापा बाजूला झाल्या, होड्या सुलट्या झाल्या, बायकांनी त्यांना कुंकू लावलं. भरती सुरू झाली होती, पाणी होड्यांच्या बुडाशी खेळायला लागलं होतं. सगळ्यात पुढे मालू नाखव्याची होडी. मालू म्हणजे चांगुणेचा पाठचा भाऊ. तिच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलेलं. मालूने चिखलाकडे नजर टाकली, चिखल्या दक्षिणेला दिसले, आणि त्याने वल्हेकऱ्यांना सांगितलं, "दांडा यंदा दक्षिणेला आहे. होडीचं तोंड उत्तरेला घ्या." अकरा माणसं वल्ह्यांवर वाकली. मागून बाकीच्या होड्या निघाल्या.

निरख्या ऐटीत उभा होता. तेवढ्यात वरून एक पाखरू आलं आणि लाकडी थव्याच्या कडेला उतरलं. मुठीएवढं, गळ्यात काळी कंठी. चार पावलं धावलं, थांबलं. मग त्याने निरख्याकडे पाहिलं.

"दादा, ही तुमच्याकडची मंडळी का? मी तीनदा रामराम केला. एकानेही मान वळवली नाही."

"लांबून आलेत," निरख्या दबक्या आवाजात म्हणाला. "दमलेत."

"मीही लांबूनच आलोय." चिखल्याने शेजारच्याला चोच मारून पाहिली. टक् असा आवाज आला. "हा तर पांगारा आहे."

"हळू बोल, बाबा. राजा बसलाय. तुझा थवा कुठे आहे? लवकर बोलाव त्यांना."

"ते दोन खाड्या मागे थांबलेत. दांडा वर आलाय का ते बघायला मला पुढे पाठवलं. नाही आलेला. तो तिकडे आहे, उत्तरेला, ओहोटीलासुद्धा गुडघाभर पाण्याखाली. माझ्या गुडघ्याने नव्हे, तुझ्या. वर यायला अजून आठ दिवस लागतील. तसं जाऊन सांगतो."

"उत्तरेला? नक्की?" निरख्याने विचारलं.

"नक्की म्हणजे? आत्ता त्याच्यावरून उडत आलो."

"आणि समज, तू गेलाच नसतास. इथेच कुठेतरी सावलीत बसला असतास, आणि परत जाऊन सांगितलं असतंस की दांडा वर आहे. मग?"

असला प्रश्न चिखल्याला कोणी विचारला नव्हता. "मग सगळे येतील आणि पाण्यात उतरतील. दमलेली पाखरं पाण्यातून परत उठत नाहीत," तो म्हणाला. "दादा, त्यांत माझी आई आहे."

एवढं बोलून तो उडून गेला.

निरख्याने समुद्राकडे पाहिलं. होड्या उत्तरेला वळल्या होत्या. किनाऱ्यावर चांगुणा कुंकवाचा करंडा हातात धरून भावाच्या होडीकडे पाहत उभी होती, आणि हसत होती. निरख्याच्या मनात क्षणभर आलं, की गप्प राहावं. कदाचित होडी निभावून जाईल. जरीचं पागोटं मांडवात तबकात ठेवलेलं होतं, ते इथूनही चमकत होतं. आणि मालू तरी काय, भेटेल तेव्हा 'भावोजी, आज काय काय न बघता आलात?' असं चारचौघांत विचारणारा माणूस.

पण चांगुणा हसत होती हो. ते त्याच्याने बघवेना.

इकडे भरतीचं पाणी लाकडी पाखरांपर्यंत पोचलं. एकेक चिखल्या कामटीवरून सुटला, आडवा झाला, आणि शेपूट वर करून तरंगायला लागला.

"हे काय करतायत?" राजाने विचारलं.

"महाराजांना साष्टांग नमस्कार," प्रधान म्हणाला.

निरख्या पळत सुटला. चिखलात रुतला, पडला, उठला, डोक्याचं पागोटं सोडून हवेत फडकवायला लागला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मालू, परत फीर! दांडा उत्तरेला आहे! माझी पाखरं लाकडाची आहेत!"

मांडवात शब्द न् शब्द पोचला. होडीवर मात्र कोणाला नीट ऐकू गेलं नाही. वल्हेकऱ्यांना वाटलं, निरख्याला हर्षवायू झालाय. त्यांनीही आनंदाने हात हलवले आणि जोरात वल्ही मारली.

मग निरख्या कमरेएवढ्या पाण्यात घुसला. तरंगणारं एक लाकडी पाखरू त्याने पकडलं आणि नेम धरून होडीवर भिरकावलं. नऊ वर्षं त्याने कशाकडे नेम धरून पाहिलं नव्हतं, पण तो नेम बरोबर लागला. पाखरू मालू नाखव्याच्या टाळक्यात बसलं.

मालूने डोकं चोळत ते उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं. एका बाजूने चिखल्या, दुसऱ्या बाजूने उंदीर. त्याला पांगारा कळला, त्याला सुतार कळला, आणि मग त्याला आपला भावोजी कळला.

"उलटी मारा," तो ओरडला. "जोरात. उलटी."

अकरा माणसांनी अंगातला जोर काढून वल्ही उलटी मारली. होडी थांबता थांबता खालून करकरली आणि सुकाणू मोडून वाहून गेलं. पुढच्याच लाटेला, होडीपासून पाच हातांवर, गुळगुळीत दिसणारं पाणी फुटून पांढरंफेक झालं. दांडा तिथे होता. मागच्या होड्यांनी ते पाहिलं आणि सगळ्या माघारी वळल्या.

गावात एक सुकाणू मोडलं, एक टेंगूळ आलं. बाकी सगळे घरी आले.

निरख्या मांडवासमोर येऊन उभा राहिला. केसांतून चिखल गळत होता. त्याने काही लपवलं नाही. पतंग बायकोने पाहिला, चतुर गेलेच नाहीत, आणि चिखल्या सुताराचे, हे सगळं त्याने सर्वांदेखत सांगितलं. त्याचं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण ते. पाठही केलेलं नव्हतं.

राजाला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

"मी पांगाऱ्याकडे पाहून गहिवरलो होतो," तो म्हणाला. "प्रधान, तुम्हीही तासभर त्या शिस्तीचं कौतुक केलंत. पण आपली होडी त्यावर निघाली नव्हती. यांची निघाली होती." मग त्याने निरख्याला विचारलं, "तू गप्प राहिला असतास तर तुझं पागोटं वाचलं असतं. का बोललास?"

"महाराज, ती हसत होती," निरख्या म्हणाला, आणि रडायला लागला.

राजाने न्याय दिला. शंख निरख्याकडून काढून घेतला आणि चांगुणेला दिला, कारण सगळ्या राज्यात त्या वर्षी एक तरी खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ती एकटीच होती. जरीचं पागोटं तबकातून परत पेटीत गेलं. मालूला नवं सुकाणू सुताराने करून द्यायचं ठरलं, उंदराशिवाय.

"आणि मी?" निरख्याने विचारलं.

"तू चिखलात बैस," राजा म्हणाला.

तो बसला. केवड्याच्या बनाआड चांगुणा पाटावर बसायची आणि तो शेजारी चिखलात. पहिल्या दिवशी त्याने तिला निरखण्याचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. तो वळून चिखलाकडे पाहायला लागला.

पाचव्या दिवशी मतलई सुटला आणि टेकडीवरून चतुर निघाले. खिडकीत बसणारा त्यांत होता की नाही कोण जाणे, पण एक चतुर निरख्याच्या बोडक्या डोक्यावर घटकाभर टेकून मग समुद्रावर गेला. आठव्या दिवशी सकाळी उत्तरेच्या अंगाला दांडा पाण्याबाहेर आला, आणि त्याच्यावर चिखल्यांचा थवा उतरला. चार पावलं धावले, थांबले. निरख्या वाळूवर पोटावर पडून त्यांच्याकडे पाहत राहिला. एवढं सुंदर काही आपण नऊ वर्षं सोडून दिलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

चांगुणेने शंख ओठांना लावला. तेवढ्यात होडीवरून मालूने हाक दिली, "भावोजी, पायांचा रंग कोणता?"

सुताराने ती गोष्ट दोघांतच ठेवली नव्हती, हे सांगायला नको.

निरख्या उठून बसला. "एकाचे पिवळे," तो म्हणाला. "दुसऱ्याचा एक पिवळा आणि एक चिखलाचा. तिसरा एका पायावर उभा आहे, दुसरा त्याने अजून दाखवलेला नाही. दाखवला की सांगतो."

मालूने होडी लोटायला सांगितलं. शंख वाजला आणि होड्या दक्षिणेच्या खोल पाण्यातून सरळ बाहेर पडल्या. संध्याकाळी पहिल्या जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा चांगुणेला मिळाला. तिने तो शिजवला आणि नवऱ्याला वाढला, कारण त्या दिवशी दोघांनीही पाहिलं होतं. आणि तेव्हापासून त्या गावात शंख वाजायच्या आधी कोणीतरी पायांचा रंग विचारतंच. नुसतं 'पिवळा' असं ठरलेलं उत्तर आलं, तर होड्या हलत नाहीत.

बोध: जे स्वतः पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगू नये, कारण सांगणाऱ्याचा शब्द जातो तिथे ऐकणाऱ्याची होडी जाते.